एलियन खातो काय?

सोसायटीत मुलांची चित्रकला स्पर्धा झाली. विषय होता ‘परग्रहावरचा जीव’. मुलुंड पूर्वेचं आमचं सभागृह, खाली सतरंज्या, खडूंचे डबे, मागे पालकांची गर्दी. चित्रं भिंतीवर लागली आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेलो. हिरवा रंग. मोठं डोकं. दोन डोळे, दोन हात, दोन पाय. डोक्यावर दोन शिंगं आणि शिंगांच्या टोकाला गोळे.

हिरवा रंग पुसला तर वर्गातलाच मुलगा.

शेजारचा चौथीतला पोरगा आपल्या चित्रापाशी उभा होता. मी विचारलं, ‘‘हा खातो काय रे?’’ तो गप्प. ‘‘ह्याला कोण खातं?’’ तरीही गप्प. ‘‘बरं, मेल्यावर ह्याचं काय होतं?’’ शेवटी त्याची आई मध्ये पडली. ‘‘अहो, एलियन आहे तो!’’

एलियन असला म्हणून जेवत नाही?

पोराचा दोष नाही. त्याला जे दाखवलं गेलं तेच त्यानं काढलं. पडद्यावरचा परग्रहवासी शंभरातल्या नव्वद वेळा रंग लावलेला माणूसच असतो. त्याला कपाळ असतं, भुवया असतात, राग आला की तो दात खातो. दुसऱ्या सूर्याभोवती अब्जावधी वर्षं वेगळी घडलेली सृष्टी, आणि तिच्यातून निघालं काय? तर आपलाच चुलतभाऊ.

जीव कधी सुटा नसतो. तो कुणाचं तरी जेवण असतो, कुणाचा तरी जेवणारा असतो आणि शेवटी कुणाचं तरी खत होतो. ही साखळी नसेल तर तुम्ही जीव रचलेला नाही, बाहुली शिवलीत. म्हणून माझे प्रश्न तीनच. खातो काय? त्याला खातं कोण? मेल्यावर होतं काय?

आता या चाळणीतून एकेकाला काढू.

सुरुवात आपल्या लाडक्या ‘जादू’पासून. २००३ साली ‘कोई मिल गया’ आला आणि घराघरात तो निळा पाहुणा मुक्कामाला आला. त्याला शक्तीसाठी ऊन लागायचं. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर निदान होतं तरी. हिंदी सिनेमानं परग्रहवासीयाच्या जेवणाचा विचार केला, याचं मला आजही कौतुक आहे.

पण हिशेब बसतो का? भर दुपारी चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. जादूएवढ्या अंगाचा उन्हाकडे येणारा भाग जेमतेम अर्धा चौरस मीटर. हिरवं पान त्या उन्हातलं शेकडा एक-दोनच साठवतं. म्हणजे हाती पाच-दहा वॉट. आणि एवढ्या शरीराला नुसतं बसून राहायला पन्नास-साठ वॉट हवेत. जादूनं दिवसभर गच्चीवर अंग शेकलं असतं तरी तो उपाशीच राहिला असता.

म्हणूनच झाड चालत नाही.

ते एका जागी उभं राहतं, अंगावर हजारो पानं पसरतं आणि खर्च कमी ठेवतं. उन्हावर जगायचं तर पळापळ परवडत नाही. हे एवढं कळलं असतं, तर आपल्या सिनेमाला चालणाऱ्या बाहुल्याऐवजी जमिनीवर शाल पसरावी तसा पसरलेला, दिवसाला चार बोटं सरकणारा जीव सुचला असता. तो मुलांना आवडला नसता? मुलांना गोगलगाय आवडतेच ना?

बरं, उन्हावर अर्धं पोट भरणारा आणि तरीही तरंगत फिरणारा जीव खरोखर आहे. कुठे? आपल्या अरबी समुद्रात. नॉक्टिल्युका त्याचं नाव. एकाच पेशीचा, पण साबुदाण्याच्या बारीक कणीएवढा, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा. त्याच्या पोटात हिरव्या शेवाळाच्या पेशी राहतात. त्या ऊन खातात, त्याला वाटा देतात आणि बदल्यात आसरा घेतात. शिवाय तो स्वतः बाहेरचंही गिळतो. शेत पोटात आणि शिकार तोंडात.

आणि रात्री तो चमकतो. २०१६ साली जुहूच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या पेटलेल्या लोकांनी पाहिल्या, त्या याच्याच. लाट फुटली की निळी रेघ. पाय टाकला की पायाभोवती निळं कडं. लोकांनी मोबाइल काढले आणि तोंडातून एकच वाक्य निघालं: अगदी ‘अवतार’सारखं!

जुहूचा समुद्र ‘अवतार’वाल्या जेम्स कॅमेरॉनच्या आधीचा आहे.

उजेड फुकट मिळत नाही. तो करायला ताकद खर्ची पडते. नॉक्टिल्युका धक्का लागला तरच पेटतो. शास्त्रज्ञांचा एक तर्क असा, की चोर शिरल्यावर घरातले दिवे लावावेत, तशी ही युक्ती आहे. खायला आलेला बारीक जीव उजेडात सापडतो आणि त्याला खाणारा मोठा मासा धावून येतो. उजेडाला कारण आहे, शत्रू आहे, साक्षीदार आहे. ‘अवतार’च्या पॅंडोरावर रात्री गवत चमकतं, शेवाळ चमकतं, माणसांच्या अंगावरचे ठिपकेसुद्धा चमकतात. सगळेच पेटले, मग चोर कोणाला दिसणार?

त्याच पॅंडोरावरचे बहुतेक प्राणी सहा पायांचे. काहींना डोळे चार. आणि तिथली माणसं, म्हणजे नावी लोक? दोन हात, दोन पाय, दोन डोळे, वर नाक-कान जागच्या जागी. एका गावात सगळी भावकी सहा पायांची आणि एकच घर चार अवयवांचं. गावात अशा घराकडे लोक बोटं दाखवतात. प्रेक्षकानं का दाखवू नये?

नॉक्टिल्युकाचं कौतुक मात्र जपून करा. हेल्गा दो रोझारियो गोम्स, जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की अरबी समुद्रात हिवाळ्यात याचे प्रचंड तवंग येऊ लागलेत. प्राणवायू कमी झालेलं पाणी याला मानवतं. जुन्या सूक्ष्म वनस्पती, ज्यांच्यावर माशांचं पोट चालायचं, त्या मागे पडतात. सुंदर निळी लाट पाहून आपण टाळ्या वाजवतो. ती लाट समुद्राची तक्रार असेल तर?

हे झालं जुहूचं. आता अंधेरीच्या पुढचं स्टेशन.

जोगेश्वरी. लोकलच्या दारात लटकून हजार वेळा ओलांडलेलं. तिथल्या अंधशाळेच्या आवारात एक विहीर आहे. २०१९ साली त्या विहिरीत एक मासा सापडला. वामेसारखा लांब, अंगावर खवले नाहीत, पर नाहीत, रंग लालसर. आणि डोळे नाहीत. बारीक डोळे, मिटलेले डोळे असंही नव्हे. डोळेच नाहीत.

अंधशाळेच्या विहिरीत बिनडोळ्यांचा मासा. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं ‘जुळवून आणलंय’ म्हणून कापलं असतं.

जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि एस. बालसुब्रमण्यन यांनी त्याचा अभ्यास केला आणि २०२२ साली जगाला त्याचं नाव कळलं: रक्तामिक्थिस मुंबा. पहिलं नाव रक्तावरून, कारण या कुळातल्या माशांची कातडी रक्तासारखी लाल दिसते. दुसरं नाव मुंबाआईवरून. केरळातही विहिरी-झऱ्यांच्या पाण्याखालचा असाच एक अजब मासा सापडला होता. त्याला २०१९ साली नाव मिळालं ते परदेशी कादंबरीतल्या गॉलम या पात्राचं. आपल्या माशाला गावदेवीचं नाव मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता तुम्ही त्या विहिरीच्या काठावर उभे आहात असं समजा. खाली डांबरी रस्त्यांच्या, इमारतींच्या पायांच्या, पाइपांच्या आणि गटारांच्याही खाली कातळातल्या भेगांमध्ये पाणी आहे. तिथे सूर्य कधी उगवलेला नाही. ऊन नाही म्हणून हिरवं काही नाही. जे काही अन्न येतं ते वरून झिरपत येतं. कुजलेलं पान, पडलेला किडा, मुळाचा तुकडा. अशा जागी डोळा बाळगणं म्हणजे नसलेल्या दुकानाचं भाडं भरणं. पिढ्यान्‌पिढ्यांनी ते भाडं भरणं बंद केलं. डोळा गेला.

हा आहे परग्रह. स्टेशनपासून रिक्षानं जाता येतो.

गुरूचा चंद्र युरोपा. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली समुद्र असावा आणि तिथे सूर्याशिवाय काही जगू शकेल का, म्हणून नासानं २०२४ च्या ऑक्टोबरात ‘युरोपा क्लिपर’ यान धाडलं. ते २०३० साली पोहोचेल. जावंच त्यानं, माझा जीव त्या यानात अडकलाय. पण सूर्याशिवायचं पाणी, त्यातलं घर आणि त्या घरातला लाल, आंधळा रहिवासी जोगेश्वरीत आहे, हे जोगेश्वरीच्या किती शाळांतल्या पोरांना माहीत आहे?

आणि मुंबईच्या विहिरींचं आपण काय केलं? बुजवल्या. वर स्लॅब टाकला, त्यावर गाड्या लावल्या. एकेका विहिरीत कोण राहत होतं, हे बघायला खाली वाकलं कोण? ज्या जिवाला नाव मिळालं नाही, त्याच्या मरणाची नोंदही होत नाही.

आता घरातला परग्रह.

माझ्या बाल्कनीच्या ग्रिलला कुंभारीण माशीनं घर केलं. काळी, कंबर दोऱ्याएवढी. सकाळी ओल्या मातीची गोळी तोंडात धरून येई, ग्रिलला लावी, बारीक गुणगुणत थापून बसवी आणि पुन्हा जाई. दुपारपर्यंत अंगठ्याच्या पेराएवढा मातीचा रांजण तयार. मग ती कोळी आणू लागली. एक, दोन, पाच, सात. रांजण भरला, तोंड लिंपलं आणि बाई दुसऱ्या रांजणाला लागली.

मी एक रांजण फोडला. फोडायला नको होता. आत कोळी दाटीवाटीनं भरलेले. मेलेले वाटले. काडीनं हलवलं तर एकाचा पाय थरथरला.

ते जिवंत होते. डंखानं लुळे झालेले. मारले असते तर चार दिवसांत सडले असते. माशीला सडकं नको, तिच्या अळीला ताजं हवं. एका कोळ्याच्या पोटावर तांदळाच्या कणीसारखं अंडं चिकटलेलं होतं. अंडं फुटतं, अळी निघते आणि हलता न येणाऱ्या, जिवंत कोळ्यांना एकामागून एक खात मोठी होते.

१९७९ साली रिडली स्कॉटचा ‘एलियन’ आला. माणसाच्या देहात वाढणारं पिल्लू छाती फोडून बाहेर येतं, तेव्हा थिएटरात लोक किंचाळले. आमच्या ग्रिलवर तोच खेळ रोज दुपारी चालतो. तिकीट नाही.

आपल्याकडे या माशीची फार जुनी गोष्ट आहे. भृंगकीटक न्याय. भृंगी किड्याला घरात कोंडते, किडा भयानं तिचंच ध्यान करतो आणि ध्यान करता करता स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडतो. संतांनी हा दृष्टांत भक्तीसाठी वापरला आणि भक्तीपुरता तो सुंदरच आहे. बघणाऱ्यानं बरोबर पाहिलं होतं: आत किडा गेला, बाहेर माशी आली. मधल्या अंधारात काय झालं, तेवढं त्यानं कल्पनेनं भरलं.

विज्ञानकथा म्हणजे दुसरं काय असतं? निरीक्षण पक्कं, मधला अंधार कल्पनेनं भरलेला. फरक एकच: आपल्या पूर्वजानं निदान ग्रिलकडे बघितलं होतं.

मग मराठी विज्ञानकथेनं बघितलं का? इथे जरा थांबायला हवं, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा. ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर. मोठ्या नावाच्या वजनावर बक्षीस नको, कथेच्या वजनावर हवं, म्हणून जगप्रसिद्ध शास्त्रज्ञानं नाव लपवलं. आजच्या किती लेखकांना हे सुचेल?

नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल. त्यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ कादंबरी लिहिली. त्यातला परग्रहवासी पाहा. डोकं नाही, हात नाहीत, ग्रहसुद्धा नाही. ताऱ्यांमधल्या पोकळीतून वाहत आलेला वायूचा अवाढव्य ढग. तो सूर्यापाशी येतो, कारण त्याला भूक लागलीय. सूर्य म्हणजे त्याचं ताट. तो जेवायला बसतो आणि पृथ्वीवर अंधार पडून माणसं मरतात. त्याला याचा पत्ताही नसतो. पुढे बोलणं होतं तेव्हा ढगालाच आश्चर्य वाटतं: घट्ट ग्रहावर, एवढ्याशा जागेत बुद्धी असलेला जीव राहतो?

खातो काय, या प्रश्नाचं इतकं धडधडीत उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

गुरूनं ढग रचला, शिष्यानं आकाशात फुगा सोडला. एप्रिल २००५. हैदराबादच्या केंद्रातून इस्रोचा प्रचंड फुगा वर गेला. त्याला निर्जंतुक नळकांडी बांधलेली. ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा त्यांत भरली. त्या मोहिमेचे शास्त्रीय सूत्रधार नारळीकर. हवेचे नमुने हैदराबादच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत गेले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रानं त्यात वाटा उचलला. २००९ साली जाहीर झालं, की जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. घातक अतिनील किरण पचवणाऱ्या. एकीचं नाव इस्रोवरून, एकीचं आर्यभटावरून, आणि एकीचं? जॅनिबॅक्टर हॉइली.

जिवंत ढग कल्पिणारा माणूस आता खरोखरीच्या आकाशात राहायला गेला.

हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले, असं यावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्वच्छ सांगितलं गेलं. मला तो सांगण्याचा प्रामाणिकपणा शोधाइतकाच मोठा वाटतो. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यांच्या ‘प्रेषित’मधला परग्रहावरून आलेला मुलगा मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या जिवाणूंची नावं किती जणांना ठाऊक?

त्यांच्यामागून मराठीत बाळ फोंडके आले, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आले. चांगली माणसं, चांगल्या कथा. पण दिवाळी अंकांतली सरसकट विज्ञानकथा काढून बघा. परग्रहवासी येतो, पृथ्वीवर शांती नांदो म्हणतो, प्रदूषणावर दोन शब्द सुनावतो आणि निघून जातो. चहा नाही, पाणी नाही. एवढ्या लांबून उपाशीपोटी येऊन भाषण करून जाणारा पाहुणा मी तरी कधी पाहिला नाही.

फ्रॅंक हर्बर्टनं १९६५ साली ‘ड्यून’ लिहिताना ऑरेगॉन राज्यातल्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास केला होता. त्याच्या वाळवंटी ग्रहावर अजस्र किडा आहे, त्या किड्याची पिल्लं पाणी कोंडून ठेवतात म्हणून वाळवंट वाळवंट राहतं आणि किड्यामुळेच श्वास घ्यायला हवा मिळते. किडा काढा, अख्खी कादंबरी कोसळते. याला म्हणतात परिसंस्था. त्या माणसानं आधी वाळू पाहिली, मग किडा रचला.

आपल्याला ऑरेगॉनला जायची गरज नाही.

सिनेमातले ग्रह एकसुरी असतात. हा बर्फाचा, तो वाळूचा, पलीकडचा नुसता जंगलाचा. बोरिवलीला या. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, त्यात तळी, त्यातून उतरणारी दहिसर नदी, पश्चिमेला तिवरांचा चिखल, मग खाडी, मग गोराईची वाळू आणि समुद्र. दहाएक किलोमीटरच्या पट्ट्यात सात दुनिया. बोरिवलीत जेवढं मावतं, तेवढं अख्ख्या ग्रहावर का मावत नाही?

त्या उद्यानातला बिबट्या खातो काय? हरणं खातो, आणि वस्तीच्या कडेची भटकी कुत्रीही खातो. २०१८ च्या एका अभ्यासानं अंदाज बांधला, की इथले बिबटे वर्षाला सुमारे १५०० कुत्री खात असतील आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे व रेबीजचे बळी कमी होत असतील. आता साखळी उलगडा. आपण कचरा टाकतो, कचऱ्यावर कुत्री वाढतात, कुत्र्यांवर बिबट्या जगतो आणि बिबट्यामुळे आपलं पोर वाचतं. शेजारच्या आरेतल्या वारल्यांनी वाघोबा पुजला. त्यांना हा हिशेब कुणी कागदावर करून दिला नव्हता.

आरेतच २०१० साली विंचवाची एक नवी जात नोंदली गेली. लायकस आरेएन्सिस. आरेच्या नावाची. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला नाव मिळालं आयशिअस तुकारामी. २६/११ ला कसाबची बंदूक हातांनी घट्ट धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. आठ पायांचा, आठ डोळ्यांचा जीव, झेप घेऊन भक्ष्याला धरणारा. नाव ठेवणाऱ्यांना माझा नमस्कार.

आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीत करवती चालल्या. दोन हजारांहून जास्त झाडं पडली. धावून गेलेल्यांतल्या २९ जणांना अटक झाली. पॅंडोरावरचं ते मोठं झाड कोसळतं तेव्हा अंधेरीच्या मल्टिप्लेक्समध्ये किती जणांनी डोळे पुसले होते! आरेचं झाड पडताना ते डोळे कुठे होते?

ता. क. म्हणून नव्हे, पण लोणार विसरू नका. उल्केनं खोदलेलं, साबणासारखं खारट-क्षारी पाणी. जून २०२० मध्ये ते तळं गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं: मिठात मजेत राहणारे सूक्ष्मजीव. मंगळ बुलढाणा जिल्ह्यात आहे.

आता परत मुलुंडला. पूर्वेला मिठागरं, त्यापुढे भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडचा रस्ता, मग तिवरं आणि खाडी. ओहोटीला जा. तिवराचं एक पान तोडून खालून जीभ लावा. खारट लागेल. मुळातून आलेलं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलेली दिसतील. ती श्वास घेतात, कारण त्या चिखलात हवा नाही. शेजारच्या कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लोंबतं आणि मग खाली पडतं. मुळानं श्वास घेणारी, पानानं मीठ टाकणारी, पोटुशी राहणारी झाडं. हे कुणी सिनेमात दाखवलं असतं तर समीक्षकांनी कल्पनाशक्तीची तारीफ केली असती.

याच खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांचा गुलाबी रंग त्यांचा नव्हे. चिखलातल्या सूक्ष्म शेवाळातून, बारीक कोळंबीसारख्या जिवांतून तो येतो. जे खाल्लं तेच पिसांवर उमटलं. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या पंतनगर भागावर एका उतरत्या विमानाला त्यांचा थवा धडकला. तीसहून जास्त रोहित इमारतींच्या मधल्या गल्लीत पडले. गुलाबी पिसं, डांबर, बघ्यांची गर्दी. आपल्याकडे आकाशातून पाहुणे आले होते आणि त्यांचं स्वागत असं झालं.

त्या चित्रकला स्पर्धेनंतरच्या रविवारी शेजारचा पोरगा माझ्याबरोबर बाजारात आला. भांडुपगावच्या मावशी ओल्या गोणपाटाखाली टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी गोणपाट उचललं. आत निवट्या. बोटाएवढ्या, चिखलाच्या रंगाच्या, जिवंत. डोळे डोक्याच्या वर, दोन मण्यांसारखे.

‘‘मासा आहे?’’ पोरानं विचारलं.

मासाच. पण पाण्याबाहेर राहणारा. कल्ल्यांच्या कप्प्यात पाण्याचा घोट धरून ठेवतो, ओल्या कातडीनंही श्वास घेतो, पुढच्या परांवर रेटत चिखलावर चालतो. नराला मादी पटवायची असेल तर हवेत उड्या मारतो. चिखलात बीळ करतो. पोरगं उकिडवं बसलं. नाक टोपलीला लागेल इतकं जवळ गेलं.

‘‘काका, हिनं डोळा मिटला!’’

मिटलाच होता. बहुतेक मासे पापणी लववत नाहीत, ही लववते. डोळा खाली खोबणीत ओढते, ओला करते, पुन्हा वर काढते. २०२३ साली या माशांच्या पापणी लववण्यावर मोठा अभ्यास झाला. पाण्यातून जमिनीवर आलेल्या आपल्या पूर्वजांना डोळे मिटायची सवय का लागली असेल, याचा धागा त्यातून शास्त्रज्ञ शोधतायत. टोपलीतली निवटी वर बघत होती, पोरगं खाली बघत होतं. दोघांनीही पापणी लववली.

‘‘ही खाते काय?’’ त्यानं विचारलं. मी न शिकवता.

मावशी म्हणाल्या, ‘‘चिखलातलं बारीक बारीक खाते, किडे खाते, खेकड्याची पिल्लं खाते.’’

‘‘आणि हिला कोण खातं?’’

‘‘बगळा खातो, साप खातो,’’ मावशींनी तराजू उचलला. ‘‘नायतर मग तू. किती देऊ?’’